वऱ्हाडातला वसंत आणि तहानलेली संत्रा बाग

आज जरा वेगळा विषय घेतोय.

माझी मावसबहीण फ्रान्सला, नॉर्मंडीत राहते. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी तिनं सफरचंदाच्या बागेचा फोटो पाठवला. झाडं नुसती पांढरी-गुलाबी! खाली प्रश्न: "दादा, आपल्याकडं वसंत येतो का रे?" त्या दिवशी अकोल्यात पारा ४३ वर होता. कूलरसमोर बसून मी उत्तर दिलं, "येऊन गेला."

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण वऱ्हाडात चैत्र लागला की ऊन पोळायला लागतं. आपला खरा बहर माघ-फाल्गुनात. मेळघाटात तेव्हा पळस पेटतो, मागोमाग मोहाची फुलं टपटप पडतात. त्यावर कधीतरी अख्खा भाग करू. आज संत्र्याचं बोलतो, कारण वरुड-मोर्शीकडं वसंत आपोआप येत नाही, तो आणावा लागतो.

तिकडं सफरचंदाचं झाड हिवाळाभर झोपतं. पुरेशी थंडी भोगली, मग ऊब आली, की कळ्या फुटतात. संत्र्याचं झाड असं पूर्ण झोपत नाही. पाणी मिळालं की पालवतं, आणि फुलं येतात ती थोडी आता, थोडी मग. आंबिया, मृग, हस्त असे तीन बहर. तिन्हींच्या मागं लागलं तर धड एकही हाती येत नाही, म्हणून शेतकरी एक बहर धरतो. आंबिया धरायचा तर डिसेंबरात ओलीत बंद. याला म्हणतात ताण देणं. झाडाची वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं, थंडीची साथ मिळते, आणि डोळ्यात पानाऐवजी फूल तयार होतं. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो. आपली भारी काळी माती ओल सोडत नाही, तिथं दीड-दोन महिने लागतात. पानं फिकी पडतात, मलूल होतात, काही गळतात.

मोर्शीकडचे माझे मामा म्हणतात, "पानी देनं सोपं हाय बाप्पा. झाड तहानलेलं पाहनं कठीन."

मग पहिलं पाणी द्यायचं, तेही हलकं. काही दिवसांत नवती फुटते, तिच्यासोबत पांढरी फुलं. फेब्रुवारीत रस्त्यावरून जाताना, बाग दिसायच्या आधी वास येतो.

पण एका वर्षी ऐन डिसेंबरात दोन दिवस पाऊस झाला. ताण तुटला. झाडांवर आली ती नुसती नवती, फुलं नाहीच. मी जानेवारीत गेलो तेव्हा बाग इतकी हिरवीगार होती की मी कौतुक केलं! (हसतो) मामा काहीच बोलले नाहीत. आंबियाची फळं दिवाळीनंतर निघतात. त्या वर्षी बाग उक्ती घ्यायला व्यापारी फिरकलाच नाही.

उलटंही होतं. ताण नीट बसला, पण पाणी द्यायच्या वेळी बोअर आटलेला. वरुडकडं भूजलाचा उपसा इतका झालाय की पाणी खोल गेलंय. मुद्दाम तहानलेलं ठेवलेलं झाड मग खरोखरच तहानलेलं राहतं.

आता डिसेंबर लागला की मामांचा रोज संध्याकाळी फोन येतो. तब्येत नाही, पोरंबाळं नाही, पहिला प्रश्न हाच: "अकोल्याकडं आभाळ हाय का, बाप्पा?"