थेट दुसऱ्या वर्षाची पहिली परीक्षा

दहावीनंतर अचलपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षे काढून पदविका हाती पडली, की विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. एक नोकरीची, दुसरी अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाची. दुसरी वाट धरणाऱ्याला जवळचे ठिकाण म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरील अमरावती. तेथे १९६४ साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खासगी महाविद्यालयेही आहेत. हा प्रवेश पदविकेच्या गुणांवर होतो, सीईटी द्यावी लागत नाही. त्यामुळे ‘सोप्या वाटेने आलेला’ असा शिक्का या मुलांवर सहज बसतो. पहिल्याच सत्रात गणिताचा पेपर राहिला, की त्यावर शिक्कामोर्तब होते. हा निष्कर्ष घाईचा आहे.

अमेरिकेत हा अनुभव जुना आहे. तेथे दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांतून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण पहिल्या सत्रात घसरतात, असे अनेक पाहण्यांचा आढावा घेऊन जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये मांडले आणि या घसरणीला ‘ट्रान्सफर शॉक’ हे नाव रूढ झाले. पुढच्या सत्रांत ही घट बऱ्याच अंशी भरून निघते, हेही त्याच आढाव्यात होते. पण लक्षात राहिला तो धक्का. नंतरच्या काही अभ्यासांत हा धक्का सर्व विषयांत सारखा नसून गणित-विज्ञानात अधिक जाणवतो, असे आढळले.

आपल्याकडेही खाच नेमकी तेथेच आहे. बारावी विज्ञान शाखेचा विद्यार्थी दोन वर्षे गणित शिकून येतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षी पुन्हा गणित शिकतो. पदविकेत मात्र बहुतांश शाखांचे गणित पहिल्या वर्षातच आटोपते. म्हणजे लाप्लास रूपांतर फळ्यावर येते, तेव्हा समाकलनाला हात लावून त्या मुलाला दोन वर्षे उलटलेली असतात. यंत्रशाळा, आरेखन, प्रयोगशाळा यांत तो सहाध्यायांच्या पुढे असतो. लेथवर हात बसलेला असतो. पण लेखी परीक्षेच्या गुणपत्रिकेत तो हात दिसत नाही.

भरीस भर म्हणजे वेळापत्रक. पदविकेचा निकाल, मग प्रवेशाच्या फेऱ्या, असे होता होता ही मुले अनेकदा वर्ग सुरू झाल्यावर दाखल होतात. अचलपुरातून येणाऱ्याला तर खोली शोधण्यापासून सुरुवात, नाहीतर रोजची एसटी. चुकलेले पहिले धडे बहुधा नेमके गणिताचेच असतात. शिवाय नियमित विद्यार्थ्याला आठ सत्रे मिळतात, याला सहाच. एक सत्र बिघडले तर सावरायला जागा कमी. ज्या घराने नोकरी लांबणीवर टाकून मुलाला पुढे शिकू दिले, त्या घराला राहिलेला पेपर परीक्षा शुल्कापेक्षा बराच महाग पडतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमावलीत अशा विद्यार्थ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे पूरक वर्ग घेण्याची तरतूद आहे. हे वर्ग प्रवेशाच्या शेवटच्या फेरीनंतर आणि पहिल्या अंतर्गत चाचणीपूर्वी झाले, तरच त्यांचा उपयोग. सत्राच्या अखेरीस, परीक्षेच्या तोंडावर उरकलेला वर्ग हजेरीपटापुरताच राहतो.