राहिलेले रोजे आधी, की शव्वालचे सहा?



ईदनंतर भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो. "माझे रमजानचे सात रोजे सुटले. आता ते आधी धरू, की शव्वालचे सहा?" आज तेवढंच पाहू या.

आधी मनातली टोचणी काढून टाका. सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. सुटलेली संख्या त्यांनी दुसऱ्या दिवसांत पूर्ण करायची. मासिक पाळीत तर रोजा धरायचाच नसतो. हजरत आयेशा (रजि.) सांगतात, त्या दिवसांच्या रोज्यांची भरपाई करायला सांगितलं जाई, नमाजची नाही. म्हणजे कजा ही शिक्षा नव्हे. ते अल्लाहचं देणं आहे, आणि फेडायला मुदतही मिळाली आहे.

मुदत किती? पुढच्या रमजानपर्यंत. स्वतः हजरत आयेशा (रजि.) यांना राहिलेले रोजे शाबान महिन्यातच धरायला जमत. ते सलग धरलेच पाहिजेत असं नाही, सोयीने एकेक धरले तरी चालतात. दोन्ही ईदच्या दिवशी मात्र रोजा नाही.

आता शव्वालचे सहा. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांची हदीस आहे. रमजानचे रोजे धरून मग शव्वालचे सहा धरले, तर वर्षभर रोजे धरल्यासारखं होतं. हिशोब सोपा आहे. एका नेकीला दहापट, म्हणजे तिसाचे तीनशे आणि सहाचे साठ.

क्रमाबद्दल इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी मतानुसार कजा बाकी असताना नफ्ल रोजा चालतो. हंबली मजहबच्या प्रसिद्ध मतानुसार आधी कजाच. आपल्या कोकणात बहुतेक लोक शाफई. त्या मतानुसार विनाकारण पुढच्या रमजानच्या पलीकडे ढकललं, तर कजासोबत प्रत्येक रोज्यामागे गरिबाला अन्नही द्यावं लागतं. हनफींमध्ये फक्त कजा. म्हणून जमत असेल तर आधी फर्ज फेडा. कारण नफ्ल ही खुशीची गोष्ट, फर्ज हे देणं.

नियतही लक्षात ठेवा. कजाची नियत पहाटेपूर्वीच हवी. नफ्लची, काही खाल्लं-प्यायलं नसेल तर, दुपारच्या आधीही करता येते, असं हनफी आणि शाफई दोघेही मानतात.

शेवटचं, भावांसाठी. रमजानमध्ये अख्खं घर सहेरीला उठतं. कजाचा रोजा मात्र ती एकटी उठून धरते, आणि दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाकही करते. बरं, लाजेपोटी ती कुणाला सांगतही नाही. मग वर्षांमागून वर्षं रोजे साठत जातात. तेव्हा खोदून विचारू नका, पण त्या दिवशी चूल तुम्ही सांभाळा. आणि भगिनींनो, रमजान संपला की राहिलेला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे कबूल करो. आमीन.