गडी बदलावा की थांबावे?

अंबरनाथच्या एमआयडीसीत दुपारी पाळी बदलते तेव्हा आनंदनगरच्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्यांशी माणसांची दाटी होते. कोणी घाटावरचा, कोणी कोकणातला, कोणी खानदेशातला, तर कोणी थेट जौनपूरचा. कबड्डीच्या मोसमात या दाटीत एक वाद हमखास निघतो. आपल्या संघातली दोन तरुण पोरे चढाईला जातात आणि हात हलवीत परत येतात. एक म्हणतो, “द्या दोघांना सोडून, आणि त्यांच्या बदल्यात एक तयार गडी आणा.” दुसरा म्हणतो, “अरे, पोरं अजून कोवळी आहेत. दोन वर्षं दम धरा!” चहा संपतो, भोंगा होतो, वाद मात्र मिटत नाही.

हा वाद केवळ करमणुकीचा नाही. कारण असाच निवाडा शाळेत गुरुजींना करावा लागतो, कारखान्यात मुकादमाला करावा लागतो आणि घरात आईबापांनाही करावा लागतो. नव्या माणसाचा पहिला हात चुकला, तर त्याला बदलायचे की थांबायचे? तेव्हा या प्रश्नाचा जरा नीट विचार करू या.

प्रथम गडी बदलतात कसे, ते पाहू. आपली प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. त्यात मुंबईचा यू मुंबा होता आणि पुण्याचा पुणेरी पलटण होता. २०१७ पासून संघ बारा झाले. या लीगमध्ये गडी मिळवण्याचा मुख्य रस्ता लिलावाचा. लिलावापूर्वी संघ काही गडी राखून ठेवतो, बाकीच्यांना मोकळे करतो. मग ज्याची बोली मोठी त्याचा गडी. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये लिलाव आहेच, शिवाय संघासंघांत सरळ अदलाबदलही चालते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थानने संजू सॅमसन चेन्नईला दिला आणि चेन्नईने त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन असे दोघे राजस्थानला दिले. एकाला दोन! मात्र तिथे खेळाडूची संमती लागते.

अदलाबदलीचा हा बाजार फार जुना आणि फार गरम आहे तो अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत. तिथे खेळाडूच्या करारात तशी अट नसेल, तर त्याला विचारावेही लागत नाही. रात्री एका गावात निजलेला गडी सकाळी दुसऱ्या गावच्या संघाचा झालेला असतो. तिथले प्रेक्षकही आपल्या चहाच्या टपरीवरच्यासारखेच वाद घालतात. असाच एक वाद पुढे फार गाजला. कॅम नीली नावाचा एक तरुण आघाडीपटू व्हँकूव्हर संघात होता. १९८५-८६ च्या मोसमात त्याने अवघे १४ गोल केले. जून १९८६ मध्ये, अगदी त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी, संघाने त्याला बॉस्टनला देऊन टाकले. वर नव्या खेळाडूच्या निवडीचा आपला एक हक्कही दिला आणि बदल्यात बॅरी पेडरसन हा नावाजलेला गडी घेतला. पुढच्याच मोसमात नीलीने बॉस्टनसाठी ३६ गोल केले. पुढे तो त्या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात जाऊन बसला.

आता कोणी म्हणेल, “पाहा! पोराला सोडायचंच नाही, हेच सिद्ध झालं.” थांबा. एका उदाहरणावरून नियम बांधू नये. सोडून दिलेली किती तरी पोरे पुढे कुठेच चमकली नाहीत. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, एवढेच. म्हणून गोष्टीपेक्षा हिशेब बरा.

हिशेब कबड्डीचाच घेऊ. कोणता गडी चांगला, हे आपण त्याच्या गुणांवरून ठरवतो. पण गुण कशाने मिळतात? पहिली गोष्ट, चढाया किती मिळाल्या. संघाचा मुख्य चढाईपटू एका सामन्यात पंधरा-वीस वेळा जातो. तिसऱ्या क्रमांकाच्या पोराला चार-पाच चढाया मिळतात. दुसरी गोष्ट, चढाई कोणती मिळाली. लीगचा नियम असा आहे की, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाही तर चढाई करणारा बाद. तिला ‘करो या मरो’ची चढाई म्हणतात. समोरच्या संघाला हे ठाऊक असते. तो सावध होऊन, साखळी धरून वाट पाहत बसतो. तीस सेकंदांत पोराला आत घुसावेच लागते. मुख्य गडी अशा वेळी जपून ठेवायचा आणि नवख्याला पुढे धाडायचे, ही रीत पुष्कळ संघांत असते. म्हणजे सोपे घास एकाला आणि हाडे दुसऱ्याला!

गुरुजी, हे फळ्यावर मांडून पाहा. समजा, मुख्य गड्याने साध्या १०० चढाया केल्या आणि ५० वेळा गुण आणला. म्हणजे निम्म्या चढाया सफल. पोराने ३० चढाया केल्या आणि १० वेळा गुण आणला. म्हणजे एक-तृतीयांश. पोरगा कच्चा दिसतो. पण आता त्याच्या ३० चढाया फोडा. त्यातल्या २० ‘करो या मरो’च्या होत्या, त्यांत ५ सफल झाल्या. उरलेल्या १० साध्या होत्या, त्यांतही ५ सफल झाल्या. म्हणजे साध्या चढाईत पोरगाही निम्म्यावर निम्मा! मुख्य गड्याच्या बरोबरीचा. फरक हाताचा नव्हता, वाट्याला आलेल्या कामाचा होता.

तिसरी गोष्ट, संघाची पकड. बाद झालेला गडी कडेला बसतो आणि संघाला गुण मिळेल तेव्हा, ज्या क्रमाने गडी बाद झाले त्या क्रमाने, तो जिवंत होतो. पकडीला बसलेले गडी ढिले असतील, तर चढाईवाला कडेलाच बसून राहतो. खात्यावर गुण येणार कुठून? तेव्हा एकाची जमा ही पुष्कळदा सात जणांची जमा असते.

चौथी गोष्ट जरा खोल आहे, पण एका खेळाने समजते. वर्गातल्या चाळीस मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगा. छाप आला की एक गुण. सरासरी पाच गुण यायला हवेत. पण सहा-सात मुलांना तीन किंवा त्याहून कमी गुण मिळतील. आता त्या सहा-सात जणांना पुढे बोलवा, खोटे खोटे रागवा आणि पुन्हा दहा वेळा नाणे उडवायला लावा. मौज अशी की, त्यांतल्या बहुतेकांचे गुण वाढतील! रागावण्याने का वाढले? मुळीच नाही. नाण्याला राग कळत नाही. पहिल्या खेपेला दैव फारच वाकडे होते, दुसऱ्या खेपेला ते आपल्या नेहमीच्या जागी आले, एवढेच. गणितवाले याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

खेळात कौशल्य असतेच. पण दैवही असते. जो मोसमभर फारच वाईट खेळला, त्याच्या वाईटपणात थोडा वाटा दैवाचा असतो. असा गडी दुसऱ्या संघात गेला की त्याचे गुण वाढतात आणि लोक म्हणतात, “जागा बदलली, पोरगं फुललं.” तो घरी राहिला असता तरीही थोडाफार फुलला असता. उलट, पहिल्याच वर्षी जो आभाळाला पोचला, त्याला मोठा पैसा मोजून आणला, की पुढच्या वर्षी तो थोडा खाली येण्याचाच संभव जास्त. म्हणून पडत्या भावात विकणे आणि चढत्या भावात घेणे, हा धान्याच्या व्यापारात जसा घाट्याचा सौदा, तसा खेळातही. नुसता मोठा गडी आणून संघ उभा राहतो, असेही नाही. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या मोसमात यू मुंबाकडून चढाईचे दोनशेवर गुण मिळवून गेला. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्याने आपले काम चोख केले. पण संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. सात जणांच्या खेळात एकाने किती भार उचलावा?

याच्या उलट पुण्याचे पाहा. २०२१-२२ च्या मोसमात पुणेरी पलटणची सुरुवात अडखळत झाली. राहुल चौधरी, नितीन तोमर ही मोठी नावे संघात होती. पण हळूहळू भार पडला तो अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत या नवख्या पोरांवर. त्या वर्षी विजेतेपद मिळाले नाही. संघाने पोरे राखली. २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरने पुण्याला ३३–२९ असे हरवले. तरीही संघाने पोरे राखली. नाशिकचा आकाश शिंदेही त्यांच्याबरोबर वाढला. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणाला २८–२५ असे हरवून अस्लमच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रथमच विजेतेपद घेतले. तीन मोसमांची ही मशागत. पेरल्यावर रोज माती उकरून कोंब पाहणाऱ्याच्या हाती पीक लागत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून काय, गडी कधी बदलूच नये? तसे नाही. कधी कधी बदल हाच न्याय असतो. दोन्ही पोरे एकाच कोपऱ्यातून चढाई करणारी असतील, तर ती एकमेकांच्या वाटेत येतात. एकाला दुसरीकडे जागा मिळाली, तर दोघांचेही भले होते. संघात चढाईवाले पाच आणि कोपरा धरणारा कोणीच नाही, अशी गत असेल, तर एक देऊन एक घेणे शहाणपणाचे. आणि पोरगा मोसमभर बाकावरच बसणार असेल, तर त्याला धरून ठेवणे ही दया नव्हे, अडवणूक आहे. ज्याला खेळायला मिळत नाही तो शिकणार कसा?

तेव्हा निवाडा करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. त्याला संधी किती मिळाली? कोणत्या प्रकारची मिळाली? त्याच्या जोडीला कोण होते? वय काय आणि दुखापत तर नव्हती? आणि सर्वांत शेवटी, आपल्याला खरी उणीव कशाची आहे? या पाचांची उत्तरे मिळाल्यावरही बदल करावासा वाटला, तर खुशाल करावा. पण त्या पोराला समोर बसवून कारण सांगावे. न सांगता काढलेल्या मुलाला वाटते, ‘माझ्यातच काही नाही.’ ही समजूत त्याच्या पायांत गुण नसण्यापेक्षा अधिक नुकसान करते.

आता कारखान्याकडे वळू. आयटीआयमधून आलेला शिकाऊ मुलगा लेथवर उभा राहतो. पहिल्या आठवड्यात त्याचे काही नग बाद होतात. मुकादम म्हणतो, “हा काही कामाचा नाही, पॅकिंगला पाठवा.” पण त्याला यंत्र कोणते दिले होते? जुने, झिजलेले, जे कोणी घेत नाही ते? माल कसा होता? शेजारी शिकवणारा कोणी होता का? हेही तसेच प्रश्न. ते न विचारता पॅकिंगला गेलेला मुलगा कदाचित आयुष्यभर खोकीच बांधील, आणि चांगला कारागीर मिळत नाही म्हणून तोच कारखाना दारावर पाटी लावील.

शाळेतही तेच. तालुक्याच्या सामन्यात एक मुलगा दोनदा पकडला गेला, की पुढच्या वर्षी संघातून त्याचे नाव जाते. गावाकडच्या मुलाला दुसरा संघ नसतो, लिलाव नसतो, बोली लावणारे बॉस्टन नसते. लीगमधला गडी एका दारातून निघाला तर दुसऱ्या दारात शिरतो. शाळेच्या संघातून निघालेला मुलगा मात्र बहुधा खेळातूनच निघतो. म्हणून गुरुजी, लीगच्या मालकापेक्षा आपली जबाबदारी मोठी. एक साधी वही करा. प्रत्येक मुलाच्या चढाया किती, कोणत्या प्रसंगी, सफल किती, हे तारखेनिशी लिहून ठेवा. लिहिण्याचे काम मुलांनाच द्या. गणिताचा तास आपोआप होईल. डोळ्यांना कालची चूक तेवढी दिसते. वहीला सबंध वर्ष दिसते. संघ निवडायच्या दिवशी आधी वही उघडा आणि मगच कोणाचे नाव खोडा.