नाण्यांनी विश्व भरलं, तरी आकडा संपेना

११ ऑगस्ट १९९४. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका माणसाने कॉम्प्युटरवरून स्टिंग या गायकाची एक सीडी मागवली. दुकानाचं नाव नेटमार्केट. किंमत १२ डॉलर ४८ सेंट, टपालखर्च वेगळा. तेव्हाच्या दराने जेमतेम ३९० रुपये! एवढ्याशा खरेदीची बातमी दुसऱ्या दिवशी थेट न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. कारण त्याच्या क्रेडिट कार्डाचा नंबर कुलूपबंद होऊन इंटरनेटवरून गेला होता, आणि ते कुलूप होतं १२८ बिटांचं.

१२८ हा आकडा फार मोठा वाटत नाही ना? चला, मोजून बघू.

कुलपाचा एक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात. ४० बिटांच्या कुलपाच्या किल्ल्या होतात जवळपास १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला एक किल्ली लावून पाहिली तर सगळ्या संपायला ३५ हजार वर्षं लागतील. पण हे काम यंत्रांना दिलं तर? १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामियाँ दोलिगेझने सव्वाशेच्या आसपास यंत्रं कामाला जुंपली आणि ८ दिवसांत किल्ली शोधून काढली! नेटस्केप कंपनी अमेरिकेबाहेर द्यायची ते कुलूप नेमकं ४० बिटांचं होतं. याहून भक्कम कुलपं तेव्हा अमेरिकी कायद्याने शस्त्रांच्या यादीत टाकली होती. हो, रणगाड्यांच्या पंगतीत!

आता ४० बिटांचं कुलूप म्हणजे पाण्याचा एक थेंब समजा. एका मिलिलिटरला वीस थेंब, त्यातला एक. एक बिट वाढवा, दोन थेंब. आणखी एक, चार थेंब. दहा बिट वाढवले तरी हाती पेलाभर पाणीसुद्धा नाही. पण धीर धरा. तेहेतिसाव्या दुपटीला वीस फूट रुंद आणि तीस फूट पाण्याची विहीर भरून वाहू लागते. छपन्नाव्या दुपटीला कोयना धरण, अख्खं १०५ टीएमसी, सांडव्यावरून पाणी सोडावं लागेल! आणि आपल्याला अजून ३२ वेळा दुप्पट करायची आहे. अठ्ठ्याऐंशीव्या दुपटीला, म्हणजे १२८ बिटांवर, पृथ्वीवरचे सगळे महासागर अकरा वेळा भरतील एवढं पाणी होतं. एका थेंबाला आठ दिवस, तर अकरा पृथ्व्यांच्या समुद्रांना किती? तो हिशेब विश्वाच्या वयाच्या पट्टीतसुद्धा बसत नाही.

हे झालं कार्डाचा नंबर लपवण्याचं. ॲमस्टरडॅममधला डेव्हिड चाउम त्याच्याही पुढे गेला होता. त्याच्या डिजिकॅश कंपनीची ई-कॅश म्हणजे नुसते आकडे. तुमचा कॉम्प्युटर स्वतःच एक अगडबंब आकडा निवडणार, तो झाकून बँकेकडे पाठवणार, बँक झाकल्या आकड्यावर आपली सही करणार, मग तुम्ही झाकण काढलं की झाली नोट तयार. बँकेला सही आपली आहे हे कळतं, पण नोट कोणाला दिली होती ते कळत नाही! १९९५ मध्ये सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने ही ई-कॅश खऱ्या डॉलरमध्ये सुरू केली. १९९८ मध्ये डिजिकॅशचं दिवाळं निघालं, पण कल्पना फार मोठी होती. कागद नाही, धातू नाही, तिजोरी नाही. त्या सहीची सगळी ताकद एकाच गोष्टीत: दोन मूळ संख्यांचा गुणाकार केलेली एक लांबलचक संख्या, जिचे अवयव कोणाला पाडता येऊ नयेत.

किती लांबलचक? ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात अशी एक संख्या छापली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या त्रिकुटाने तयार केलेली, १२९ अंकी. बक्षीस १०० डॉलर. अवयव पाडायला ४०० कोटी कोटी वर्षं लागतील असा अंदाज! विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्व पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करा, २९ लाख वेळा.

ही १२९ अंकी संख्या म्हणजे तितकी रुपयाची नाणी आहेत असं धरू. जुनं नाणं घ्या, अडीच सेंटिमीटर रुंदीचं. मुंबईहून पुण्यापर्यंत रुळांच्या कडेने १९२ किलोमीटर नाण्याला नाणं लावत जा. लागली सुमारे ७७ लाख, अंक झाले सात. सगळी गोळा केलीत तर मालगाडीच्या एका वाघिणीत मावतील. चंद्रापर्यंत रांग लावा, अकरा अंक. सूर्यापर्यंत, तेरा. आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाख प्रकाशवर्षं, तेवीस अंक. आता दिसू शकणारं अख्खं विश्व, ९,३०० कोटी प्रकाशवर्षं, आरपार नाण्यांची रांग. अंक किती झाले? एकोणतीस! शंभर अंक अजून शिल्लक!

बरं, रांग सोडा. सगळं विश्वच नाण्यांनी ठासून भरा, ताऱ्यांसकट, मधल्या पोकळीसकट. ८७ अंक. अजून ४२ बाकी!

आणि तरीही एप्रिल १९९४ मध्ये, त्या सीडीच्या चारच महिने आधी, या संख्येचे अवयव पडले. सुमारे ६०० स्वयंसेवक, १,६०० यंत्रं, आठ महिने. सगळी नाणी एकेक करून कोणी तपासली नाहीत. गणितज्ञांनी जवळची वाट काढली, ती कशी हे त्यांच्यावरच सोपवू. ४०० कोटी कोटी वर्षं सोळा-सतरा वर्षांत आटोपली. १०० डॉलर सगळ्यांत वाटले असते तर डोई सव्वापाच रुपये!

मग कुलूपवाल्यांनी काय केलं? अंक वाढवले. आज या पद्धतीची सर्रास वापरातली किल्ली २०४८ बिटांची असते. अंक ६१७. त्यातले ८७ विश्व काठोकाठ भरण्यात गेले असं धरा. उरले ५३०!