लाखात एखाद्याचा आजार, मग संशोधन कशाला?

घरातलं माणूस दुर्मिळ कॅन्सरनं गेलं आणि त्याच्या नावानं संशोधनाला देणगी द्यायची म्हटली, की कुणीतरी शहाणं माणूस हमखास म्हणतं, "लाखात एखाद्याला होणारा आजार, त्यावर पैसे घालून उपयोग कुणाला?" गल्लोगल्ली प्रयोगशाळा असलेल्या पुण्यात हे ऐकलं की जरा जास्तच चीड येते. युरोपातल्या रेअरकेअर प्रकल्पानं वर्षाला लाखात सहापेक्षा कमी नवे रुग्ण असलेल्या कॅन्सरला दुर्मिळ म्हटलं. असे सगळे प्रकार एकत्र मोजले, तर तिथल्या नव्या कॅन्सर रुग्णांपैकी पाचात एकाहून जास्त रुग्ण त्यांत निघाले. म्हणजे आजार एकेकटा दुर्मिळ. रुग्ण मात्र मुळीच दुर्मिळ नाहीत.

शिवाय दुर्मिळ आजारावरचं संशोधन त्या आजारापुरतंच राहतं, हेही खरं नाही. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर. अल्फ्रेड नड्सन यांनी 1971 मध्ये त्याच्या अवघ्या 48 रुग्णांच्या नोंदी तपासून मांडलं, की एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की हा कॅन्सर होतो. ते जनुक 1986 मध्ये हाती लागलं. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारं प्रथिन त्यातून कळलं, आणि तोच लगाम टिकवून धरणारं पाल्बोसिक्लिब हे औषध 2015 पासून स्तनांच्या कॅन्सरवर वापरलं जातं. लाखात एखाद्याचा आजार म्हणून कुणी त्या 48 नोंदी बाजूला टाकल्या असत्या तर?

"आधी गरीब रुग्णांची बिलं भरा," हा आक्षेप मात्र रास्त आहे. उपचारांची गरज खरीच आहे. पण उपचारांसाठी अपुरी का होईना, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, लोकवर्गणीही होते. संशोधनाचं तसं नाही. एकेका आजाराचे रुग्ण थोडे म्हणजे बाजार लहान, त्यामुळे दुर्मिळ आजाराच्या संशोधनात कंपन्या हात आखडता घेतात. तिथे खासगी देणगीला वजन येतं. मेहरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि उत्पन्नाचा चार-पंचमांश वाटा जगभरातल्या ल्युकेमिया संशोधनासाठी ठेवला. तेव्हा या आजारावर परिणामकारक औषध नव्हतंच. संशोधनाला पैसे लागतात ते अशाच वेळी.

"टाटांचं सोडा हो, आपण काय देणार?" हेही ऐकू येतं. पण दुर्मिळ कॅन्सरच्या अभ्यासात अडतं ते बऱ्याचदा नमुन्यांपाशी. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात बसवून ठेवतात. असे ठोकळे संमतीपत्रासह जमवणं, जपणं, त्यांची जनुकीय तपासणी करणं, यात मध्यम देणगीही कामी येते. अनेकांनी मिळून दिली तर अधिकच.

बाकीचे समज किरकोळ. स्वतःचा ट्रस्ट काढावा लागत नाही. रुग्णालयाला दिलेले पैसे आपोआप संशोधनाला जात नाहीत. पावती मिळाली म्हणून सगळी रक्कम करमुक्त होत नाही. नव्या करपद्धतीत अशा देणगीवरची वजावटच नाही, आणि जुन्या पद्धतीतही 2000 रुपयांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत.

मग द्यायचं कुठे? पुण्यातच विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संशोधन संस्था आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था. देणगी स्वीकारतात का, कोणत्या प्रकल्पासाठी, हे आधी विचारा. रक्कम कोणत्या संशोधनासाठी आहे ते पत्रात लिहा आणि वर्षानं खर्चाचा हिशेब मागा.