हेडचं गॅसकेट गेलं म्हणजे नेमकं काय झालं?

आज गाडीच्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे. "ते आमच्या यांचं खातं" असं म्हणून रेडिओ बारीक करू नका. नेरहून यवतमाळला किंवा अमरावतीला दवाखान्यासाठी जाताना गाडी गरम होते, तेव्हा आत आपण बसलेल्या असतो, मांडीवर लेकरू असतं आणि मिस्त्रीचं बिल शेवटी घरखर्चातूनच जातं.

आपल्याकडे अजूनही जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे दारात उभी असलेली ८०० कितीही चकचकीत दिसली तरी तिनं १० उन्हाळे नक्कीच काढले आहेत. अशा गाडीला उन्हाळ्यात होणारा सगळ्यात महागडा आजार म्हणजे हेड गॅसकेट जाणं. कुणी "हेडचं पॅकिंग उडालं" म्हणतं, कुणी "ऑइल-पाणी एक झालं" म्हणतं.

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालचा ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात, आणि वरचं झाकण म्हणजे हेड. हे दोन्ही बोल्टांनी घट्ट आवळलेले असतात आणि मध्ये भोकंभोकं असलेला एक पातळ पत्रा असतो, तेच गॅसकेट. कुकरच्या झाकणाला रिंग असते ना, तिचंच काम हे करतं. फरक एवढाच की कुकरची रिंग फक्त वाफ अडवते. या पत्र्याला शेजारी शेजारी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक पेट्रोलचा जाळ, दुसरं इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि तिसरं ऑइल. शिट्टी होताना कुकरमध्ये चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब असतो. चांगल्या पेट्रोल इंजिनात नुसती हवा दाबली तरी १० ते १४ किलो दाब होतो, आणि पेट्रोल पेटल्यावर त्याच्या कितीतरी पट.

हा पत्रा सहसा आपणहून जात नाही. गाडी तापते म्हणून जातो. हेड ॲल्युमिनियमचं असतं. मर्यादेपलीकडे तापलं की ते वाकतं, मग पत्र्यावरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि जिथे फट मिळेल तिथून जाळ वाट काढतो. गाडी तापण्याची कारणं मात्र साधी असतात. पाणी कमी झालेलं, रेडिएटरचा पंखा फिरत नसलेला, पाण्याचा पंप गळत असलेला. आपल्या भागातलं आणखी एक कारण म्हणजे बोअरचं पाणी. माठाच्या बुडाशी जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रेडिएटरमध्ये कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच असावं. एक बाटली कूलंटचे पैसे वाचवून हेड घालवलेल्या गाड्या कुठल्याही गॅरेजात बघायला मिळतील.

आता रस्त्यावरचं सांगतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. मे महिन्याची दुपार आहे, काटा एच कडे सरकला आहे, आणि चालवणारा म्हणतो, "पाचसहा किलोमीटरच राहिले, पोचू आता." हे पाचसहा किलोमीटरच महागात पडतात. काटा चढल्याबरोबर गाडी थांबवली तर कदाचित एखादी नळी किंवा पंख्याची वायर बदलून काम भागेल. तशीच रेटली तर आधी गॅसकेट जाईल, मग हेड वाकेल, शेवटी पिस्टन जाम होतील. गाडी चालवायला येत नसेल तरी काटा वाचता येतो. म्हणून शेजारच्या सीटवरून "थांबवा" म्हणायला कचरू नका. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे चटका आणि वास आधी आपल्यालाच कळतो.

एसी असेल तर बंद करा, गाडी कडेला सावलीत घ्या, इंजिन बंद करा. लेकरांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब बसवा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. शिट्टी उतरायच्या आत कुकर उघडला तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. इथेही तेच आहे. आतलं पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं, दाब सुटला की ते उसळून थेट तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, आणि वरची जाड नळी हातात सहज धरता आली तरच झाकणाला हात लावा, तोही जाड कापड घेऊन. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून तेही थांबूनच. कुणाला भाजलंच तर त्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही लावू नका. आणि गाडीत पेशंट असेल तर गाडी थंड होण्याची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. गाडीचं नंतर बघता येईल.

गॅसकेट गेलं की नाही हे कशावरून ओळखायचं? पहिली खूण म्हणजे पाणी रोज कमी होतं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. ते इंजिनात जातंय. दुसरी, गाडी चांगली गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो, आणि आत कूलंट असेल तर त्याला गोडसर वास येतो. थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडी वाफ दिसते, ती धरायची नाही. तिसरी, ऑइलच्या पट्टीवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. इथे जरा जपून. नुसत्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. पावसाळ्यात गाडी फक्त घर ते बाजार एवढीच चालत असेल तर दमटपणानेही तशी साय धरते. पट्टीवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल, तर मात्र गाडी सुरूही करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल वंगणाचं काम करत नाही.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ते अडकलेल्या हवेचे. पण मिनिटं गेली तरी एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर जाळाची हवा पाण्यात घुसते आहे. झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची नळी दगडासारखी कडक झाली तर त्याचाही अर्थ तोच. एवढ्या लवकर वाफ होत नसते.

यापुढचं काम गॅरेजचं. मिस्त्रीभाऊ नुसता आवाज ऐकून "हेड गॅसकेट" म्हणाले, तर "भाऊ, कॉम्प्रेशन तपासून दाखवा" असं म्हणायला हरकत नाही. प्लग काढून त्या जागी मीटर लावतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब बघतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम खाली असेल तर मधला पत्रा गेला, हे जवळपास नक्की. काढलेले प्लगही बघा. एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरात पाणी जातंय. काही ठिकाणी निळं औषध वापरून तपासतात. रेडिएटरमधल्या हवेने ते पिवळं झालं की शंका उरत नाही. एवढं सगळं बघायचं ते यासाठी की गाडी तापण्याचं कारण नुसता पंखाही असू शकतो, आणि पंख्यासाठी कुणी इंजिन उघडत नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. रेडिएटरला बारीक छिद्र असेल तर हळदीचा गाळ ते तात्पुरतं बुजवतो. गॅसकेटच्या फटीतून जाळ येतो, तिथे हळद टिकत नाही. उलट नळ्या तुंबतात. बाजारातल्या बाटलीबंद पुडींचंही साधारण असंच. हळद भाजीतच बरी.

दुरुस्तीत हेड उतरवतात. त्या वेळी शक्य असेल तर आपण गॅरेजात असावं. सरळ पट्टी ठेवून हेड वाकलंय का हे बघतात. मारुतीच्या या लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतच सूट आहे, म्हणजे वहीच्या कागदाच्या जवळपास निम्मी जाडी. जास्त असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग मारून आणावं लागतं. हे न करता नुसतं नवं गॅसकेट घातलं तर ते पुन्हा जातं, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. गॅसकेट स्वतः काही शे रुपयांचं असतं. खर्च होतो तो उघडणं, फेसिंग आणि जोडणी यांचा. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने आवळायचे असतात, अंदाजाने नाही. जुनं गॅसकेट मागून घ्या. दोन भोकांच्या मध्ये काळी जळकी रेघ दिसली तर गळती कुठून होती ते कळतं. आणि गाडी तापली कशामुळे, हे मिस्त्रीने सांगितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंखा, पंप किंवा तुंबलेला रेडिएटर तसाच राहिला, तर नवं गॅसकेट पुढचा उन्हाळा बघणार नाही. "थर्मोस्टॅट काढून टाकला, आता गाडी थंड राहील" हे कारण शोधणं नव्हे.

हेडला तडा गेला असेल किंवा पिस्टन जाम झाले असतील, तर खर्च करण्याआधी गाडीचं आरसी बुक उघडा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. नोंदणी संपत आली असेल आणि पत्राही गंजला असेल, तर इंजिनावर मोठी रक्कम घालायची की नाही हे घरात बसून ठरवा, गॅरेजच्या दारात उभं राहून नको. बॉडी चांगली असेल आणि हेड नुसतं वाकलं असेल, तर आमच्या मते दुरुस्ती परवडते. तेवढ्या पैशात दुसरी भरवशाची गाडी येत नाही.

गाडी घरी आली की ऑइल आणि फिल्टर नवे घातले का ते विचारा, जुन्या ऑइलमध्ये पाणी उतरलेलं असतं. पुढचे आठ दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी आणि ऑइलची पट्टी बघा. पातळी हलली नाही तर नवव्या दिवशी लांब जायला हरकत नाही.