अपघाताची साक्ष कोणाच्या ताब्यात?

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, वैजापूर तालुक्यातील जांबरगाव टोलनाक्याजवळ एक टेम्पो ट्रॅव्हलर पुढच्या ट्रकवर आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. ट्रक भर रस्त्यात थांबवल्याच्या आरोपावरून आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. वेग किती होता, ब्रेक लागला होता का, चालकाला डुलकी लागली होती का, हे प्रश्न अशा प्रत्येक अपघातानंतर विचारले जातात. पंचनाम्यात त्यांची उत्तरे टायरच्या खुणांवरून, चेपलेल्या पत्र्यावरून आणि वाचलेल्या माणसांच्या आठवणींवरून शोधली जातात. एअरबॅग असलेल्या अनेक मोटारींत मात्र यातल्या काही प्रश्नांची उत्तरे आता गाडीतच नोंदलेली असतात. ती नोंद असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती वाचण्याचा हक्क कोणाचा, हे आपल्याकडे कोणत्याही कायद्याने स्पष्टपणे ठरवलेले नाही. त्यामुळे ज्याच्याकडे ती वाचण्याचे उपकरण आहे त्याच्याच हाती ती जाते. चालकाच्या खासगीपणाला आणि मृताच्या कुटुंबाच्या न्यायाला या एकाच उणिवेचा फटका बसतो.

यंत्रणा तशी साधी आहे. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी एक छोटी पेटी गाडीत असते, बहुधा पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, गिअरच्या आसपास. धक्का ओळखण्यासाठी ती सतत मोजमाप घेत असते. शेवटच्या काही सेकंदांची माहिती स्मृतीत येते आणि नव्या माहितीने पुसली जाते. एअरबॅग उघडली किंवा ठरावीक मर्यादेपलीकडचा धक्का बसला, की हे पुसणे थांबते. मग गाडीचा वेग, अॅक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेकवर पाय होता की नाही, चालकाने पट्टा लावला होता का, धडकेत वेग किती झपाट्याने घटला, हे सारे जतन होते. अमेरिकेच्या मूळ नियमात धडकेपूर्वीची ५ सेकंदे नोंदवण्याची अट होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने ती २० सेकंदांवर नेली. या नोंदीत आवाज नसतो, चित्र नसते, गाडी कुठे होती हेही नसते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि ही पेटी मध्यमवर्गीयांच्या गाड्यांतही पोहोचली. प्रत्येक पेटी नोंद ठेवतेच असे नाही, पण अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तसा उल्लेख सापडतो. गाडीची चावी हातात घेताना ते पान किती जण वाचतात?

नोंद का हवी, हे आधी सांगितले पाहिजे, कारण खासगीपणाची बाजू मांडणाऱ्यांचा इथेच तोल जातो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. कमावता माणूस गेलेले घर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते आणि समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची वेळ त्याच घरावर येते. त्यांच्याकडे साक्षीदार नसतो, असला तरी तो तारखांना येत नाही. माणसांच्या हातून जाणारा पुरावा किती ठिसूळ असतो, ते मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघात प्रकरणाने दाखवले. तिथे मोटार चालवणाऱ्या अल्पवयीनाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आणि नोंद केवळ चालकाच्या विरोधात जाते हेही खरे नाही. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी नव्या न्याय संहितेतील कलम १०६(२) विरुद्ध संप केला आणि राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे ते पोटकलम १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा बाजूला ठेवावे लागले. चूक कोणाचीही असो, लोक मोठ्या गाडीवाल्यालाच धरतात, हे चालकांचे गाऱ्हाणे होते. आपण ब्रेक दाबला होता, हे सांगणारी नोंद अशा माणसाच्या फार कामाची असते.

पण ही नोंद वाचतो कोण? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज कठड्यावर आदळून टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. काही दिवसांतच, धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि ब्रेक लागल्यावर तो ८९ वर आला, असे तपासातून बाहेर आले. गाडीतील नोंदीने काय सांगता येते, याचे महाराष्ट्राने पाहिलेले हे सर्वांत ठळक उदाहरण. मात्र ती माहिती कंपनीच्या तज्ज्ञांनी काढली आणि पोलिसांना अहवालरूपाने दिली. कंपनीने काही लपवले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला काही आधार नाही. मुद्दा पद्धतीचा आहे. एअरबॅग वेळेवर उघडली का, ब्रेकने काम केले का, हे प्रश्न खुद्द उत्पादकाच्या जबाबदारीशी निगडित असतात. ज्याची जबाबदारी तपासायची त्यानेच साक्ष वाचून दाखवायची आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यायची, ही रचना न्यायाची म्हणता येणार नाही. शिवाय यंत्राची नोंद म्हणजे निर्विवाद सत्य, असेही नसते. वेग बहुधा चाकांच्या फिरण्यावरून मोजला जातो. चाके जाम होऊन गाडी घसरत गेली, तर नोंदीतला वेग आणि रस्त्यावरचा वेग यांत फरक पडतो. धडकेत वीजपुरवठा तुटला, तर नोंद अर्धवट राहते. म्हणून ती दुसऱ्या तज्ज्ञाला तपासता आलीच पाहिजे.

पाच सेकंदांत कसला आला खासगीपणा, असा आक्षेप घेतला जातो. रस्ता सार्वजनिक, वेग सर्वांना दिसणारा, मग लपवण्यासारखे उरते काय? एवढ्या छोट्या पेटीपुरता हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पाच सेकंदांच्या नोंदीवरून कोणी कुठे जातो, कोणाला भेटतो हे कळत नाही. चिंता आहे ती या पेटीच्या शेजारी येऊन बसलेल्या दुसऱ्या यंत्रणेची. सिमकार्ड असलेल्या नव्या गाड्या ठिकाण, वेग, ब्रेकचे कडकपणे दाबणे अशी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर रोज पाठवू शकतात, अपघात होवो वा न होवो. मालकाच्या लेखी दोन्ही म्हणजे ‘गाडीतला डेटा’. अपघाताच्या नोंदीसाठी दिलेली संमती रोजच्या पाळतीसाठी वापरली जाण्याची वाट या गोंधळातूनच निघते. अमेरिकेत तेच झाले. जनरल मोटर्सच्या गाड्यांतून जमा झालेली वाहनचालनाची माहिती दलाल कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत गेल्याचे २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशी माहिती त्या दलालांना देण्यावर पाच वर्षांच्या बंदीचा आदेश पुढे आणला. त्याच्या महिनाभर आधी फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेवरील गाड्यांची माहिती असुरक्षित साठ्यात उघडी पडल्याचे जर्मनीत समोर आले होते आणि त्यातल्या लाखो गाड्यांचे ठावठिकाणे अगदी नेमके होते. त्यांत स्कोडाच्याही गाड्या होत्या. त्या मुख्यतः युरोपातल्या. पण स्कोडाचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला आहे, आणि हा धंदा सगळीकडे एकाच पद्धतीने चालतो.

आपल्याकडे असे होणार नाही, असे मानायला जागा नाही. वाहन आणि सारथी या सरकारी नोंदणी प्रणालींतील माहिती खासगी कंपन्यांना विकण्याचे धोरण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ मध्ये आणले होते. त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाल्याचे त्याच वर्षी राज्यसभेत सांगितले गेले. गैरवापराची आणि खासगीपणाची शंका पुढे आल्यावर २०२० मध्ये ते धोरण रद्द झाले, पण दिलेली माहिती परत येत नाही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने गाडी किती आणि कशी चालवली यावर हप्ता ठरवण्याची मुभा दिली. सांभाळून चालवणाऱ्याला कमी हप्ता मिळावा, हे योग्यच. मात्र सवलतीसाठी दिलेली माहिती पुढे क्लेम नाकारायला वापरता येईल की नाही, हे ग्राहकाला सही करण्याआधी ठळकपणे कळले पाहिजे.

मग मालकी कोणाला द्यायची? अमेरिकेने २०१५ च्या चालक खासगीपणा कायद्याने ही नोंद गाडीच्या मालकाची किंवा भाडेपट्ट्याने गाडी घेणाऱ्याची ठरवली. न्यायालयाचा आदेश, लेखी संमती, अपघातानंतरची वैद्यकीय मदत, असे थोडे अपवाद ठेवले. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांत आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत नोंदयंत्र सक्तीचे केले. तिथे नोंदीतून गाडीची ओळख पटू नये आणि ती अपघात-संशोधनाच्या कामी यावी, यावर भर आहे. अमेरिकी कायदा आपल्याकडे जसाच्या तसा आणावा, असे कोणी म्हणेल. मला तो इथे अपुरा वाटतो, आणि कारण छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर रोज दिसते. वेरूळ-अजिंठ्याला पर्यटक नेणारी टॅक्सी, वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत माणसे पोहोचवणाऱ्या कंपनीच्या गाड्या, डॉक्टरांच्या नि व्यापाऱ्यांच्या घरच्या मोटारी: यांतल्या असंख्य गाड्यांचा मालक एक आणि स्टिअरिंगवरचा माणूस दुसरा असतो. अपघातात मृत्यू झाला, तर न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार चालकावर असते. भरपाईचा प्रश्न बहुतेक वेळा मालक आणि विमा कंपनी यांच्यापुरता राहतो. दोघांचे हित एक नसते. चालकाने ब्रेक पूर्ण दाबला होता, तरी गाडीचा वेग फारसा उतरला नाही, असे नोंद सांगत असेल, तर बोट ब्रेकच्या देखभालीकडे जाते आणि देखभाल ही मालकाची जबाबदारी. मालकी एकट्या मालकाला दिली, तर बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या ड्रायव्हरला आपल्या निर्दोषपणाचा पुरावा ज्याच्याविरुद्ध तो जातो त्याच्याकडेच मागावा लागेल. म्हणून धडकेच्या क्षणी गाडी चालवत असलेल्या माणसाला नोंदीची प्रत मिळण्याचा स्वतंत्र हक्क हवा. मालक असो वा नसो.

नवा डेटा संरक्षण कायदा यासाठी पुरे आहे, हा दुसरा आक्षेप. २०२३ चा तो कायदा मोलाचा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. पण त्यातला माहिती मिळवण्याचा हक्क प्रक्रिया होत असलेल्या माहितीच्या सारांशाचा आहे, मूळ नोंदीच्या प्रतीचा नाही, आणि तोही ज्याने संमती दिली त्याला. पगारी ड्रायव्हरने कंपनीला कसली संमती दिलेली असणार? पेटीत पडून असलेली, अजून कोणी न वाचलेली नोंद कोणाच्या जबाबदारीत येते, हेही त्यात नेमके सांगितलेले नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी कायद्यात सूट आहे, ती असायलाच हवी. मात्र तपास अधिकाऱ्याने काय काढावे, किती काढावे, प्रत कोणाला द्यावी, याचे उत्तर त्या सुटीत मिळत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर मर्यादा घालायची, तर कायद्याचा आधार, गरज आणि प्रमाण या कसोट्या लागतील, असे त्या निकालातून स्पष्ट होते. इथे पहिलीच कसोटी रिकामी आहे.

दोषी माणूस खासगीपणाच्या आडून सुटेल, ही भीती सर्वांत गंभीर आहे आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या तोंडी ती असेल, तर तिचे उत्तर नीट द्यायला हवे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, ही घटनेच्या कलम २०(३) ची हमी या नोंदीला संपूर्ण झाकू शकत नाही, असे माझे मत आहे. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या निकालात हाताचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे ठरले. त्याच न्यायाने गाडीतल्या पेटीची नोंद ही चालकाची जबानी ठरत नाही. म्हणजे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल, तर नोंद न्यायाधिकरणापुढे आलीच पाहिजे, संमती असो वा नसो. फक्त ती न्यायाधिकरणाच्या आदेशाने यावी, धडकेच्या सेकंदांपुरतीच असावी, आणि त्याच दिवशी चालकाला व मृताच्या वारसांना तिची प्रत मिळावी. यासाठी नवी कार्यालये उभारायला नकोत. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. गाडीत नोंदयंत्र आहे का आणि ते सील केले का, हा रकाना पहिल्या अहवालात असावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र सविस्तर अहवालाला जोडावे.

सील करण्याची ही घाई अनाठायी नाही. जप्त गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात पडून राहते, सुपुर्दनाम्यावर सुटते, वर्कशॉपमध्ये जाते. उघडलेल्या एअरबॅगबरोबर जुनी पेटीही बदलली जाते आणि भंगारात जाते. गाडी पूर्ण निकामी ठरली, तर सांगाडाच विकला जातो. न्यायाधिकरणात पहिली तारीख लागेपर्यंत साक्ष नाहीशी झालेली असते, आणि तिला कोणी जबाबदार नसतो. ज्या जिल्ह्यात बजाज आणि स्कोडाचे कारखाने आहेत, जिथे बिडकीनला टोयोटाच्या प्रकल्पाचा करार २०२४ मध्ये झाला आणि जिथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते, तिथल्या वकील संघाने आणि उद्योजकांच्या संघटनांनी हा नियम केंद्राकडे मागावा. तो होईपर्यंत वाचकांनी एवढे करावे. अपघातात एअरबॅग उघडली असेल, तर दुरुस्तीची परवानगी देण्याआधी सर्व्हिस सेंटरला, विमा कंपनीला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा की एअरबॅगची जुनी पेटी काढल्यास ती सीलबंद ठेवावी आणि नोंद काढल्यास प्रत द्यावी. त्या पत्राची पोच घ्या. गाडी ड्रायव्हर चालवत असेल, तर पत्रावर त्याचेही नाव घाला.